वित्तीय अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके : कोणती विकत घ्यावीत, कोणती मागून वाचावीत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

उच्च शिक्षणाच्या खर्चाची चर्चा निघाली की ती बहुधा शुल्क, वसतिगृह आणि शैक्षणिक कर्ज यांच्यापाशीच थांबते. पाठ्यपुस्तकांचा खर्च अंदाजपत्रकाच्या तळाशी ‘इतर’ या शब्दाखाली निमूटपणे जाऊन बसतो. ज्या विषयात मी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि ज्याच्या नव्या विद्यार्थ्यांचे स्वाध्यायवर्ग मी आता घेतो, त्या वित्तीय अभियांत्रिकीत, म्हणजे ज्याला सगळेच फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हणतात त्या विषयात, हे ‘इतर’ चांगलेच जड असते. याचे कारण असे, की हा एक विषय नसून पाच-सहा विषयांची मोट आहे. संभाव्यता, स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिकपणे बदलणाऱ्या राशींचे कलनशास्त्र), डेरिव्हेटिव्ह्ज (दुसऱ्या मालमत्तेच्या भावावर आधारलेले करार), संख्याशास्त्र, ऑप्टिमायझेशन आणि प्रोग्रॅमिंग यांपैकी प्रत्येकाचे पुस्तक निराळे, आणि त्यातील बहुतेक पुस्तके मोजक्या वाचकांसाठी छापलेली असल्यामुळे महाग. पहिल्या सत्राच्या यादीत आठ-दहा नावे पाहून विद्यार्थी गांगरतो आणि घाईघाईने खरेदी करतो. या खरेदीत पैसा बहुतेक वेळा चुकीच्या पुस्तकांवर खर्च होतो, असे माझे मत आहे आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

सर्वसाधारण रीत अशी दिसते, की बाजारावरचे म्हणजे डेरिव्हेटिव्ह्जचे जाडजूड पुस्तक सर्वांत आधी आणि तेही ताज्या आवृत्तीत, कोरे करकरीत विकत घेतले जाते. गणिताचे पुस्तक मात्र ‘कुठून तरी पीडीएफ मिळेल’ म्हणून टाळले जाते. मीही असेच केले होते. वास्तविक हे नेमके उलटे व्हायला हवे. गणिताचे पुस्तक पुढची दहा वर्षे हाताशी लागते आणि त्यातला मजकूर शिळा होत नाही, म्हणून ते विकत घ्यावे आणि जुनी, वापरलेली प्रत निःसंकोच घ्यावी. बाजाराच्या रीतिरिवाजांचे पुस्तक दर तीन-चार वर्षांनी बदलते, म्हणून ते ताजेच हवे, पण ते ग्रंथालयातून आणावे.

गणित शिळे होत नाही, हे नुसते म्हणायचे म्हणून म्हणत नाही. जपानी गणितज्ञ कियोशी इतो यांनी स्टोकॅस्टिक इंटिग्रल मांडले ते १९४४ साली. ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या कराराच्या, किमतीचे ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ सालचे. वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर येणारी, किंमत दर टप्प्याला वर किंवा खाली जाते असे मानणारी द्विपद झाडे कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांच्या १९७९ च्या लेखातली. स्टीव्हन श्रीव्ह यांचे वित्तासाठीच्या स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसवरचे दोन खंड २००४ च्या सुमारास निघाले आणि आजही अनेक विद्यापीठांत तेच लावले जातात. त्यांची पंधरा वर्षांपूर्वीची वापरलेली प्रत आणि आज छापखान्यातून आलेली प्रत यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फरक कागदाच्या वासाचाच. छापील चुका राहिलेल्या असतात, हे खरे. पण अशा पुस्तकांची शुद्धिपत्रे लेखक सहसा आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. ती छापून घेऊन एका संध्याकाळी पेन्सिलीने प्रत दुरुस्त करावी. हे काम कंटाळवाणे वाटले, तरी त्या निमित्ताने सगळे पुस्तक एकदा नजरेखालून जाते.

उलट, जुन्या गणिताला कधीकधी पुन्हा बहर येतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याखाली घसरून उणे ३७.६३ डॉलर या पातळीवर बंद झाला. किंमत ऋण होऊच शकत नाही, या गृहीतकावर उभे असलेले मॉडेल त्या दिवशी निरुपयोगी ठरले आणि सीएमई या वायदेबाजाराच्या क्लिअरिंग विभागाने काही तेल-ऑप्शन्सचे मूल्यमापन, ज्यात किंमत ऋणही होऊ शकते अशा बाशेलिए मॉडेलने सुरू केले. हे मॉडेल ज्यात आले तो फ्रेंच गणितज्ञ लुई बाशेलिए यांचा प्रबंध १९०० सालचा! ज्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक होते आणि त्यातले बाशेलिएचे प्रकरण त्यांनी ‘ऐतिहासिक’ म्हणून गाळले नव्हते, त्यांना नवीन आवृत्तीची वाट पाहावी लागली नाही.

आता शिळे होते ते काय, ते पाहू. सर्वांत ठळक उदाहरण व्याजदरांचे. २००७-०८ च्या आर्थिक संकटापूर्वीच्या पुस्तकांत लायबोर, म्हणजे बँका एकमेकींना ज्या व्याजाने कर्ज देतील तो दर, जवळजवळ निर्धोक मानून स्वॅपची, म्हणजे स्थिर व्याजाच्या बदल्यात बदलते व्याज घेण्याच्या कराराची, किंमत काढलेली असते. संकटानंतर बँकांनी भविष्यातल्या रकमांचे आजचे मूल्य काढण्यासाठी रात्रभराच्या कर्जावर आधारलेले दर वापरायला सुरुवात केली, आणि पुढे तर लायबोरच बंद झाला; बँकांच्या सांगण्यावरून ठरणारा डॉलरचा लायबोर शेवटचा जाहीर झाला तो ३० जून २०२३ रोजी. त्याच्या जागी डॉलरसाठी सोफर हा रात्रभराच्या कर्जावर आधारलेला दर आला, जो २०१८ पासून प्रसिद्ध होतो. हा बदल नावापुरता नाही. लायबोरमध्ये तीन महिन्यांचे व्याज त्या तीन महिन्यांच्या आरंभीच ठाऊक असे. सोफरवर आधारलेल्या स्वॅपमध्ये रोजचे दर चक्रवाढ करत जावे लागते आणि व्याज किती झाले ते मुदत संपताना कळते. त्यामुळे कॅपलेटसारख्या, व्याजदर ठरलेल्या मर्यादेवर गेल्यास भरपाई देणाऱ्या साध्या ऑप्शनचाही हिशेब बदलतो, कारण अनिश्चितता मुदतीच्या मध्यातही शिल्लक राहते. जुन्या पुस्तकावर अभ्यास करून मुलाखतीला गेलेला उमेदवार इथेच अडखळतो. म्हणून व्याजदर, तारण, प्रतिपक्षाची जोखीम आणि नियमनाची प्रकरणे नव्या आवृत्तीतूनच वाचावीत. पण त्यासाठी अख्खे पुस्तक नवे घेण्याची गरज नाही. जॉन हल यांच्या डेरिव्हेटिव्ह्जवरच्या सर्वपरिचित ग्रंथाची अकरावी आवृत्ती निघालेली आहे आणि लायबोर जाण्याची दखल तीत आहे. तरीही ऑप्शनच्या मूल्यनिश्चितीची, ग्रीक्सची (ऑप्शनची किंमत कशाने किती बदलते ते सांगणाऱ्या मापांची), वायदे आणि फॉरवर्ड्सची प्रकरणे दोन-तीन आवृत्त्या मागची वाचली म्हणून काही बिघडत नाही. जुनी प्रत घरी ठेवावी आणि बदललेली चार प्रकरणे ग्रंथालयात बसून वाचावीत, हा मला सर्वांत स्वस्त आणि तरीही सचोटीचा मार्ग वाटतो.

प्रोग्रॅमिंगची पुस्तके तर विकतच घेऊ नयेत. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्याआधीची कितीतरी पुस्तके कपाटात नुसती उभी राहिली. भाषेचे अधिकृत दस्तऐवज फुकट आणि नेहमी ताजे असतात.

जुन्या आवृत्तीत एक खाचखळगा मात्र आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. पहिल्या सत्रात मी एका पुस्तकाची मागची आवृत्ती मोठ्या समाधानाने घेतली. गृहपाठाच्या कागदावर फक्त ‘अमुक प्रकरण, उदाहरण बारा’ एवढेच लिहिलेले होते. माझ्या प्रतीतले बारावे उदाहरण मी दोन रात्री जागून सोडवले, ते बरोबरही होते, पण शिक्षकांना अपेक्षित असलेले ते नव्हते. नव्या आवृत्तीत तीन उदाहरणे पुढे घुसवल्यामुळे त्यांचे बारावे ते माझे नववे होते. ते नववे मी तोंडी सोडवू शकलो असतो. गुण शून्य मिळाले. मजकुराची दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली तेव्हा प्रकरणातील एकही सिद्धता बदललेली आढळली नाही. आवृत्ती बदलण्याच्या या धंद्यात ज्ञानाची भर किती आणि वापरलेल्या प्रतींचा बाजार मोडण्याचा हेतू किती, याविषयी तेव्हापासून माझ्या मनात शंका आहे. यावर उपाय सोपा आहे : सत्राच्या आरंभी नवी आवृत्ती असलेल्या सहाध्यायाकडून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहाची छायाचित्रे काढून घ्यावीत.

वापरलेली प्रत घेताना चित्रावर विसंबू नये. विक्रेते अनेकदा एका आवृत्तीचे मुखपृष्ठ दाखवून दुसरीच पाठवतात. आयएसबीएन क्रमांक जुळवावा (२००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी दिसेल) आणि शक्य झाल्यास शीर्षकपानामागच्या, प्रकाशनवर्ष छापलेल्या पानाचे छायाचित्र मागवावे. आंतरराष्ट्रीय आवृत्तीचा क्रमांक निराळा असतो. तिचा कागद पातळ, बांधणी साधी आणि मजकूर बहुधा तोच असला, तरी उदाहरणे कधीकधी मुद्दाम बदललेली असतात. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन विकण्यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने आशियात छापलेली स्वस्त पाठ्यपुस्तके आणून अमेरिकेत विकली, वाइली या प्रकाशनसंस्थेने त्याला न्यायालयात खेचले, आणि १९ मार्च २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला : कायदेशीररीत्या छापलेली आणि विकत घेतलेली प्रत पुन्हा विकण्याचा हक्क, ती कुठेही छापलेली असो, मालकाकडेच राहतो. हा निकाल त्या देशापुरता आहे, हे अर्थात ध्यानात ठेवावे. पुस्तकासोबत ऑनलाइन स्वाध्यायाचा सांकेतिक क्रमांक येत असेल, तर वापरलेल्या प्रतीतला तो बहुधा खर्ची पडलेला असतो. तो अभ्यासक्रमात सक्तीचा आहे का, हे विचारल्याशिवाय जुनी प्रत घेऊ नये.

कोणते पुस्तक आपल्याला मानवेल, हे कसे ओळखावे? परीक्षणे वाचून ते कळत नाही, कारण परीक्षण लिहिणारा कधी गणिताचा पदवीधर असतो तर कधी वाणिज्याचा. मी विद्यार्थ्यांना एक साधी कसोटी सांगतो. इतोचे सूत्र घ्यावे आणि ते तीन पुस्तकांत, ग्रंथालयाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, वाचावे. एकात ते टेलर विस्ताराच्या आधारे अर्ध्या पानात उरकलेले असते. दुसऱ्यात द्विघाती चलनाचे, म्हणजे क्वाड्रॅटिक व्हेरिएशनचे, दहा पानांचे बांधकाम आधी येते. तिसऱ्यात मेझर थिअरी, म्हणजे संभाव्यतेचा पाया असलेला मापन-सिद्धांत, गृहीत धरलेली असते. ज्यातली तिसरी ओळ वाचताना हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो, ते आपले पुस्तक. नुसती मान डोलत राहिली तर ते पुस्तक फार सोपे आहे, आणि डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीवर येऊ लागले तर आणखी वर्षभराने घ्यावे.

जुन्या प्रती या बाबतीत फार बोलक्या असतात. माझ्याकडे आलेल्या स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसच्या एका वापरलेल्या प्रतीत संभाव्यतेच्या प्रकरणांतील समास पेन्सिलीच्या बारीक अक्षरांनी भरलेले होते, ब्राउनियन गतीच्या प्रकरणात फक्त प्रश्नचिन्हे उरली होती, आणि त्यानंतरची सुमारे चारशे पाने एखाद्या नव्या वहीसारखी स्वच्छ. आधीच्या मालकाने कुठे हात टेकले ते पाहून मी संभाव्यतेचा पाया पक्का करायला परत गेलो.

कायदेशीर आणि फुकट असेही बरेच काही आहे आणि ते यादीत क्वचितच येते. बॉइड आणि वांडेनबर्ग यांचे कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशनवरचे संपूर्ण पुस्तक लेखकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले आहे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर वित्तातील गणिताच्या उपयोगांचा २०१३ सालचा एक अभ्यासक्रम व्याख्यानांसह उपलब्ध आहे. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या भांडारात २००८ पासून संख्यात्मक वित्ताचा स्वतंत्र विभाग आहे. शिवाय अनेक विद्यापीठांची ग्रंथालये स्प्रिंगरसारख्या प्रकाशकांच्या ई-पुस्तकांची वर्गणी आधीच भरून बसलेली असतात आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताच नसतो. खरेदीपूर्वी ग्रंथपालांना एकदा विचारणे, एवढेच काम असते. चोरून उतरवलेल्या प्रतींविषयी इथे प्रवचन करत नाही. पण निकृष्ट स्कॅनमध्ये घातांकातले उणे चिन्ह पुसट झालेले असते आणि त्यापायी विद्यार्थी तासन् तास स्वतःला मूर्ख समजत बसतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

विद्यार्थ्यांनी करायचे ते इतके. उरलेले शिक्षकांच्या हातात आहे, आणि माझी विनंती मुख्यतः त्यांनाच आहे. पुस्तकांच्या यादीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने वाढवावेत : सत्रात प्रत्यक्ष कोणती प्रकरणे लागणार, चालण्याजोगी सर्वांत जुनी आवृत्ती कोणती, आणि ग्रंथालयात राखीव प्रती किती. एखाद्या आठशे पानी पुस्तकातली दोनच प्रकरणे लागणार असतील, तर ते ‘आवश्यक’ या मथळ्याखाली असता कामा नये. गृहपाठ देताना उदाहरणाचा क्रमांक न लिहिता उदाहरणच कागदावर लिहावे. शिक्षकाची दहा मिनिटे जातील आणि चाळीस विद्यार्थ्यांना आवृत्तीची सक्ती उरणार नाही. माझ्या स्वाध्यायवर्गात मी गेली दोन सत्रे असे करून पाहिले. सध्याच्या तुकडीकडे एकाच पुस्तकाच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि चुकीचे उदाहरण सोडवून आणल्याची तक्रार अजून एकदाही आलेली नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक