पेटीतली दोन लुगडी

मु. सेलू तालुका, जि. वर्धा
फाल्गुन, २०२६

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी आज कागद घेऊन बसलो. फोनवर मांडव, पत्रिका, बँडवाल्याचा इसार एवढंच बोलणं होतं, तेवढ्यात दादाच्या पोरी फोन ओढून घेतात. मला जे मागायचं आहे ते असं घाईघाईत मागण्यासारखं नाही.

आई, मला आजीची दोन लुगडी पाहिजेत. पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेली. एक हिरवं, आणि दुसरं ते वांगी रंगाचं, ज्याच्या पदराला चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक आहे. मला ती कापायची आहेत.

हे वाचून तू चष्मा काढून ठेवला असशील. दर दिवाळीला तू ती उन्हात घालतेस, हात फिरवतेस आणि परत घडी घालून ठेवतेस, हे मी लहानपणापासून नाही तरी आजी गेल्यापासूनची सहा वर्षं पाहतो आहे. म्हणून नुसतं मागत नाही, सगळं सांगतो.

मी गोधडी शिवतो आहे. आमच्या दोघांच्या घरासाठी.

दिवाळीला बाबांकडून पिशवीभर कापूस मागून आणला होता. बाबा म्हणाले होते, "काय करशीन रे एवढ्याचं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बाबा, त्याचं मी सूत काढलं. मागच्या वर्षी शाळेच्या पोरांना सेवाग्रामला नेलं होतं. बापू कुटी पाहून झाली, पोरं झाडाखाली डबे खात बसली, आणि मी एका म्हाताऱ्या बाईंजवळ तासभर बसून राहिलो. त्या तकलीवर कातत होत्या. बोलल्या फार नाहीत, फक्त एकदा माझा डावा हात धरून पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, किती सैल धरायचा ते दाखवलं. वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती, हाताच्या कामातून शिकवायचं असं तिथं ठरलं, हे डी.एड.ला पाठ केलं होतं. पेळूतून पहिला हातभर धागा निघाला तेव्हा ते मला कळलं.

तुमच्या कापसाची सरकी मी हातानं काढतो. तुम्ही म्हणता तसा क्विंटलमागे रुईचा उतारा चौतीस-पस्तीस किलो, बाकी सरकीच. माझ्या पिशवीतही तोच हिशोब निघाला. मग रुई उकलायची, छोट्या धनुकलीनं पिंजायची, सळईवर पेळू वळायचे. तकली मांडीवर फिरवून सोडली की ती गरगरते, डावा हात हळूहळू वर जातो आणि बोटांतून रुई सुटत सुटत धागा होतो. जाड-बारीक होतो, तुटतो. तुटला की दोन टोकं एकमेकांवर ठेवून जरा पीळ द्यायचा, परत चालू.

एक गोष्ट बाबांना मुद्दाम सांगायची आहे. दुपारी उन्हाच्या वेळी धागा फार तुटायचा. मला वाटायचं माझाच हात कच्चा. मग लक्षात आलं, पहाटे दवाच्या वेळी तोच कापूस छान चालतो. सुताला ओलावा लागतो. या हंगामात खरेदीला तुमचा कापूस नेला तेव्हा ओलावा आठ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून भाव कापला आणि तुम्ही दोन दिवस नीट जेवले नाहीत. बाबा, ज्या ओलाव्यापायी तुमचे पैसे गेले तोच मला पहाटे पाच वाजता बोटांत लागतो. तेव्हा तुमची फार आठवण येते.

तासाला साठ-सत्तर मीटर निघतं. खादीत हजार मीटरची एक गुंडी धरतात. पौषापासून माघ संपेपर्यंत शाळेआधी रोज थोडं थोडं करून माझी एक गुंडी भरली. त्याला शंभर ग्रॅम रुईसुद्धा लागली नाही. एकेरी सूत गोधडीला टिकायचं नाही म्हणून तीन पदरांचा पीळ घातला. सव्वातीनशे मीटर दोरा झाला. पाच बाय सातच्या गोधडीला बोटबोट अंतरावर धावदोरा घालायचा म्हटलं तर अडीचशे मीटर पुरतो, उरलेला ठिगळांना आणि काठाला. म्हणजे आई, टाका न टाका आपल्या वावरातल्या पऱ्हाटीचा असेल.

आता बाबांची माफी मागायची आहे. संक्रांतीला तुमचं जुनं धोतर मी आईला विचारून नेलं होतं. ते खालच्या बाजूला घालायचं म्हणून पळसाच्या फुलांत रंगवायला घेतलं. शाळेमागं सध्या पळस असा फुललाय की पानं दिसत नाहीत, पोरांनी अर्ध्या तासात दुरडीभर फुलं आणून दिली. धोतर हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, तुरटीत काढलं, सगळं रीतसर. आणि उकळायला घेतलं ते घरमालकीणबाईंच्या लोखंडी कढईत. हिरड्याला लोखंड लागलं की रंग काळवंडतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. हळदीसारखं पिवळं व्हायचं ते धोतर डबक्यातल्या शेवाळासारखं झालं. संध्याकाळभर ते दोरीवर पाहून मला फार वाईट वाटलं. दुसरा तुकडा जर्मनच्या पातेल्यात केला, तो उजळ पिवळा आला. बिघडलेलं धोतर आतल्या थरात घालतो आहे. पळसाचा पिवळा उन्हानं उतरतो, म्हणून ती बाजू खालीच राहील.

थर असे मांडले आहेत: सगळ्यात खाली पिवळं, मग बिघडलेलं धोतर, मग आई तुझी दोन सुती पातळं. नायलॉनचं एकही घेतलं नाही, ते आत सरकतं आणि गोळा होतं. वरचा थर रिकामा आहे. तिथं आजी पाहिजे.

तुला आठवत असेल, उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर आजी गोधडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायची आणि मला मधोमध बसवायची. म्हणायची, "हालू नको, तू माही पाचवी वीट." काठापासून सुरू करून ती आत आत येत जायची. टाका माझ्या पायापर्यंत आला की मी सरकायचो. सुईत दोरा ओवून देणं माझं काम, तिला दिसत नव्हतं. घरात एवढी पोरं होती, पण ते काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. ठिणगीचं भोक पडलं तेव्हा ती हळहळली नाही, म्हणाली आता हे गोधडीत जाईल. लुगडं पेटीत जाईल असं तिच्या मनात कधी आलंच नसेल. ते भोक मी झाकणार नाही. त्याच्याभोवती बारीक टाके घालीन, एवढंच.

इथं शेजारच्या मावशींनी पाहिलं. म्हणाल्या, "सर, तुमी मानूस असून सुई चालवता?" मी म्हटलं, पिंजारी कोण होता, शिंपी कोण होता, माग कोण चालवतो? भंडाऱ्याकडं मोहाडी, आंधळगावचे कोष्टी करवती काठाचं लुगडं विणतात. तीन धोटे चालवून काठ अंगाशी गुंतवतात, तेव्हा तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. मध्ये टसर रेशीम. त्याचे कोष ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतात. हो, नवरीसाठी नागपूरहून शालू आणायचं तुमचं चाललं आहे ना, त्याऐवजी एक करवती काठाचं घेतलं तर? तिला विचारलं, तिला आवडेल. त्या मावशी आता स्वतःच रोज येऊन बसतात आणि माझे टाके वाकडे गेले की सांगतात.

तीही हातानं करते, हे तुम्हाला साक्षगंधाच्या दिवशी कळलं नसेल. क्रोशाचं तोरण चाललंय, आपल्या दारासाठी. रात्री फोन स्पीकरवर ठेवून ती तिकडं विणते, मी इकडं शिवतो. मध्येच ती गप्प होते, मग हळूच ऐकू येतं, "तीन साखळ्या, सहा खांब, एक मुका खांब." मी तेव्हा बोलत नाही, नाहीतर तिची मोजणी चुकते. आमची ओळख खरी या गप्प बसण्यातूनच वाढली. दिवसभर शाळा, सर्वेक्षणाची कामं, लग्नाच्या याद्या. त्या तासाभरात आम्हाला कुणी काही विचारत नाही.

रुखवतात भाड्याचं काही मांडायचं नाही असं तिनं तिच्या घरी सांगितलं आहे. जे दोघींनी, म्हणजे तिनं आणि तिच्या आईनं केलं, तेवढंच मांडणार.

आणि बाबा, दुसरं मागणं तुमच्याकडं. आंदणात दिवाण, कपाट, कुलर द्यायचं तिकडं ठरतंय. तिचे बाबाही कापूसवालेच आहेत. यंदा लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये. तेवढं सगळं सामान घ्यायचं तर त्यांचा पाच-सहा क्विंटल कापूस त्यातच जाईल, आणि हाती येताना भाव किती कापून येतो हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी सांगितलं तर जावई मानपानाचं बोलतो असं होईल. तुम्ही त्यांच्या वावरात जाऊन, बांधावर बसून, मोकळेपणानं सांगा की आम्हाला काही नको. निजायला माझ्या खोलीत बाज आहे. गोधडी उन्हाळ्यात अंगाखाली, हिवाळ्यात अंगावर. आत्याबाई काही म्हणतील, म्हणू द्या. मला कमी पडतंय म्हणून हे करत नाही. मला हेच हवं आहे.

मांडव दारातच घालू, लॉन नको. बाकी तारखेचं तुम्ही म्हणाल तसं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, वैशाखातच उरकायला हवं, हे मला पटतं. पत्रिकेत आजीचं नाव आशीर्वादाच्या जागी राहू द्या.

आई, नसेल मन होत तर नको पाठवू. खरंच सांगतो, मी रागावणार नाही, वरचा थर दुसऱ्या कापडाचा करीन. पण पाठवलीस तर दोन्ही पाठव, आणि कापायच्या आधी काठ मी उसवून ठेवीन, तो तुझ्याकडं परत येईल. दादा गुढीपाडव्याआधी वर्ध्याला येणार आहे, त्याच्याजवळ दे. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नको, जुन्या धोतरात बांध. डांबरगोळ्या काढून एक दिवस सावलीत टाक, उन्हात नको.

आजीची ती जाड सुई, दाभणापेक्षा बारीक आणि साध्या सुईपेक्षा मोठी, देव्हाऱ्याच्या फडताळात उदबत्तीच्या डब्यात होती. सापडली तर तीही ठेव. इथं दुकानात मिळते तिचं नेढं बारीक आहे, माझा तिपदरी दोरा त्यातून जात नाही.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादा येईल तेव्हा चिठ्ठी सोबत दे, इथून घेऊन पाठवतो.

तुमचा
लहाना