बॅटरी नाही, अल्टरनेटर गेलेला असतो

संपादक महोदय,

माझी 2003 ची गाडी गेल्या महिन्यात रात्री खंबाटकी घाटात अचानक मंदावली, आधी हेडलाईट पिवळट झाले, मग वायपर रेंगाळायला लागले आणि डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा तर आठवडाभर मिणमिणत होताच, मीच लक्ष दिलं नव्हतं. त्याआधी एका गॅरेजवाल्याने दोन महिन्यांत दोनदा नवी बॅटरी गळ्यात मारली होती, एकदाही मीटर लावून बघितलं नाही!

शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत सांगितलं, डायनमो गेलाय (म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग; ते अजून डायनमोच म्हणतात). गाडी बंद असताना बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट पाहिजे, चालू केल्यावर 13.8 ते 14.4, माझ्याकडे चालू गाडीत 11.9 येत होतं. मग त्यांनी बेल्टचा ताण आणि अर्थिंगची वायर बघितली, कारण कधीकधी तेवढंच सैल असतं आणि लोक उगाच अख्खा पार्ट बदलतात. माझ्या अल्टरनेटरच्या आतले कार्बन ब्रश पार झिजलेले आणि डायोडही उडालेले, म्हणून रिपेअर केलेला अल्टरनेटर बसवला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मगच पाना लावला.

आणि हो, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' करणाऱ्यांपासून लांब राहा, त्याने व्होल्टेज उसळून चांगला डायनमोही जातो.

– एक वाचक, पुणे