व्हॅनचं ॲव्हरेज विचारलंस म्हणून

इंदूर

प्रिय नंद्या,

फोर्सची ट्रॅव्हलर घेऊ का टाटाची विंगर, ॲव्हरेज कुणाचं जास्त, असं एका ओळीत विचारून मोकळा झालास! उत्तर एका ओळीत मावेना म्हणून पत्र लिहितोय.

शोरूमचा आकडा सोडून दे, त्यात ना तुझी तेरा माणसं बसतात ना कॅरिअरवरच्या बॅगा. माझी ट्रॅव्हलर, म्हणजे आमच्या पिथमपूरचीच गाडी, हायवेला लिटरला ११ किलोमीटरच्या आसपास देते आणि गावात ८ ला येते. दादाची विंगर तिच्याबरोबर ओंकारेश्वरला नेली होती, तोच भेरूघाट, माणसं जवळपास तेवढीच, अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त दिलं तिनं. तिचं इंजिन 2.2 लिटरचं, ट्रॅव्हलरचं 2.6, म्हणून असेल. पण ड्रायव्हर बदलला की याहून जास्त फरक पडतो रे.

खरं डिझेल खातो तो वेग. व्हॅन म्हणजे चालतं कपाट, साठवरून ऐंशीला गेलास की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो, आणि तुमचा बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवे एवढा सपाट की ड्रायव्हरचा पाय हलकाच होत नाही. दुसरं म्हणजे उज्जैनला माणसं दर्शनाला आणि गाडी एसी चालू ठेवून उभी, किलोमीटर शून्य आणि तासाला लिटरभर तरी गेलं. वर 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमातल्या) गाडीत काजळीचा फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जाळायला जादा डिझेल जातं, म्हणून नुसत्या गावातल्या फेऱ्या असतील तर मला तरी डिझेल व्हॅन पटत नाही.

लोक सांगतात त्या ॲव्हरेजवर पण जाऊ नकोस, निम्मे जण काटा बघून बोलतात. टाकी फुल करायची, पुन्हा त्याच पंपावर त्याच नोझलने फुल करायची, मधल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागायचं, आणि डिझेलला फेस येतो त्यामुळे नोझल आधीच बंद पडतो, तर जरा थांबून परत भरायचं. वीस लिटरात दोन लिटर इकडे तिकडे झाले तरी ॲव्हरेज एकाने खोटं निघतं, म्हणून छोट्या ट्रिपवर मोजूच नये.

आता हिशेब. ११ आणि १२ मधे शंभर किलोमीटरला पाऊण लिटर, महिन्याला तीन हजार किलोमीटर चाललास तर २३ लिटरच्या आसपास. एवढ्यासाठी भांडत बसू नकोस, बडोद्यात सर्व्हिस कुणाची जवळ आणि पार्ट कुणाचे लगेच मिळतात ते बघ, गाडी दोन दिवस उभी राहिली तर २३ लिटर कुठल्या कुठे जातात!

आणि बुकिंग करायच्या आधी इकडे ये. माझी घेऊन पावागड करून बघ तुझ्याच गिऱ्हाइकांना बसवून, चावी मी देतो, डिझेल तू टाक.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या