टीना टर्नरवर एकदा सविस्तर लिहा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रॉक संगीत म्हटलं की आपल्याकडे लगेच गिटारवाल्या पुरुषांचीच नावं घेतात, म्हणून मुद्दाम गायिका टीना टर्नरबद्दल लिहितेय. खरं नाव अ‍ॅना मे बुलक, जन्म १९३९चा, अमेरिकेतल्या टेनेसीत, नटबुश नावाच्या छोट्याशा गावात वाढली, लहानपणी कापूस वेचायला जायची. पुढे आइक टर्नरच्या बँडमध्ये गायला लागली, त्याच्याशीच लग्न झालं, आणि मग वर्षानुवर्षं मारहाण. १९७६ मध्ये डॅलसच्या हॉटेलातून ती रात्री पळाली तेव्हा खिशात फक्त ३६ सेंट होते हो, अर्धा डॉलरसुद्धा नाही! घटस्फोटात बाकी जवळजवळ सगळ्यावर पाणी सोडलं पण टीना टर्नर हे नाव मात्र सोडलं नाही, कारण त्याच नावावर पुढचं पोट भरायचं होतं, मला तिचा हा निर्णय फार मोठा वाटतो.

नंतर कर्ज फेडायला मिळेल तिथे गात राहिली आणि १९८४ साली ‘प्रायव्हेट डान्सर’ हा अल्बम आला. चाळिशी उलटल्यावर त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर! १९८८ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर तर लाखाच्या वर लोक जमले होते. तो खरखरीत आवाज ऐकला की आजही अंगावर काटा येतो.

२०२३च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये तिचं निधन झालं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत तिच्यावर पानभर तरी लेख द्या ना, प्लीज.

– एक नियमित वाचक, सातारा