हेड्रियनची भिंत आणि तिथले मूळ लोक

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या उत्तरेतल्या, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीवरचा लेख वाचला. फोटो मस्तच, पण सगळं कौतुक रोमन इंजिनिअरिंगचं. इ.स. १२२ ला काम सुरू झालं, साधारण ११७ किलोमीटर लांबी, दर रोमन मैलाला एक चौकी, हे सगळं बरोबर आहे हो, पण ती भिंत कुणाच्या जमिनीवर उभी राहिली याबद्दल एक ओळसुद्धा नाही. काही ठिकाणी भिंतीखाली उत्खननात नांगराच्या खुणा सापडल्यात, म्हणजे तिथे लोक शेती करत होते आणि त्यांच्या शेतातनंच भिंत काढली.

आपल्याला किल्ला म्हटलं की ऊर भरून येतो, ते साहजिक आहे, पण भिंतीलगतचे हे किल्ले बाहेरून आलेल्या रोमन फौजेने इथल्या लोकांना ताब्यात ठेवायला बांधले होते. भिंतीच्या दक्षिणेलाही एक मोठा खंदक आहे, व्हॅलम म्हणतात त्याला, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. मला तर त्यावरून स्पष्टच दिसतं की लष्कराला आतल्या बाजूच्या, म्हणजे स्वतःच्याच राज्यातल्या लोकांचाही भरवसा नव्हता.

भिंतीजवळचा विंडोलांडाचा रोमन किल्ला तर भिंतीच्याही आधीचा. तिथे १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पाट्या मिळत गेल्या. लेखात त्यातलं फक्त क्लॉडिया सेव्हेराने सल्पिशिया लेपिडिनाला (दोघी रोमन अधिकाऱ्यांच्या बायका) पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आलंय. छानच आहे ते, पण तिथेच एका व्यापाऱ्याची तक्रारही सापडलीय, त्याला छड्यांनी मारलं होतं, आणि तो म्हणतो मी निर्दोष आहे, समुद्रापलीकडून आलोय, मला असं कसं मारता? मग स्थानिक माणसाला मारलं तर तो कुणाकडे जाणार होता? त्याचं लिहिलेलं तर काहीच उरलं नाही.

आणि त्या किल्ल्यातले सैनिकही कोण, तर बटाव्हियन आणि टुंग्रियन, आजच्या नेदरलँड्स-बेल्जियम भागातले, स्वतःच रोमच्या ताब्यात आलेले. याच बटाव्हियन लोकांनी इ.स. ६९ मध्ये रोमविरुद्ध मोठं बंड केलं होतं, आणि पुढच्या पिढीत त्यांच्याच पलटणी ब्रिटनमध्ये दुसऱ्यांवर पहारा द्यायला! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पुरवणीत यावर अजून एक लेख द्या, त्यात तिथली शेतं, घरं, भिंतीमुळे तुटलेल्या वाटा यायला हव्यात, फोटो कमी असले तरी चालतील.

एक वाचक, पुणे