स्नेलला काढलं ते आणि बेट्सला दिलं ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन बेसबॉलमध्ये आकड्यांनी कशी क्रांती केली, यावर आपल्या क्रीडा पानावर अलीकडे एक लेख आला होता. लेख माहितीचा होता, पण त्यातला एक सूर मला खटकला. संघ चालवणारी मंडळी आकड्यांवर चालतात आणि चाहते भावनेवर, त्यामुळे चाहत्यांची ओरड फारशी मनावर घेण्यासारखी नसते, असा तो सूर. मी २००२ साली नोकरीनिमित्त बोस्टनजवळ आलो आणि पहिल्या दोन मोसमांतच रेड सॉक्स या संघाचा झालो. सांगलीला आमचे नाना रेडिओला कान लावून वहीत क्रिकेटचा स्कोअर लिहायचे. तीच सवय मी इथे बेसबॉलला लावली. माझ्यासारखे पेन्सिल घेऊन बसणारे चाहते इथे पुष्कळ आहेत. आकडे आम्हालाही प्रिय आहेत. आमची तक्रार वेगळी आहे, ती सांगायला हे पत्र.

२७ ऑक्टोबर २०२० ची रात्र. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना, कोविडमुळे टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या तटस्थ मैदानावर. लॉस एंजेलिस डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे टँपा बे रेजला हरून चालणारच नव्हतं. रेजचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) ब्लेक स्नेल अक्षरशः आग ओकत होता. सहाव्या डावात एक बाद झाला तोवर त्याने ७३ चेंडू टाकले होते. दोनच फटके लागलेले (हिट), बाहेरच्या चेंडूंमुळे कोणाला फुकट बेस (वॉक) नाही, तीन स्ट्राइकवर नऊ जण बाद (स्ट्राइक आउट), आणि रेज १-० ने पुढे. दुसरी हिट नुकतीच बसली होती आणि समोर डॉजर्सचे पहिले तीन बॅटर तिसऱ्यांदा येणार होते : मुकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर. तेवढ्यात मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर आला आणि त्याने स्नेलच्या हातातला चेंडू काढून घेतला.

माझ्या वहीचं ते पान अजून माझ्यापाशी आहे. स्ट्राइक आउट झालेल्या बॅटरच्या चौकटीत आम्ही ‘के’ हे अक्षर लिहितो. बेट्स, सीगर आणि टर्नर यांच्या ओळींत त्या रात्री प्रत्येकी दोन चौकटी भरल्या होत्या आणि सहाच्या सहा चौकटींत ‘के’ होता. पेन्सिलने इतका दाबून लिहिलेला, की मागच्या पानावर खळगे उमटलेत.

कॅशकडे कारण होतं. एकच पिचर तिसऱ्या फेरीला समोर आला, की बॅटरला त्याचा चेंडू उमगायला लागतो आणि मार वाढतो, हे हजारो सामन्यांच्या नोंदींतून निघालेलं आहे. रेजसारखा कमी पैशांचा संघ अशाच बारकाव्यांवर वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला होता. स्नेलला त्या मोसमात ते फार डाव टाकूही देत नसत. पण हा नियम सरासरीचा. त्याच क्षणी आणखी दोन गोष्टी कॅशच्या डोळ्यांपुढे होत्या : ते सहा ‘के’, आणि ज्याला तो आणत होता तो निक अँडरसन. अँडरसनचा मोसम अप्रतिम गेला होता, पण प्लेऑफमध्ये तो याआधी खेळलेल्या लागोपाठ सहा सामन्यांत प्रत्येक वेळी त्याच्यावर धाव लागली होती. हेही आकडेच ना! अँडरसन आला, बेट्सने दोन बेसचा फटका मारला, मग एक चेंडू कॅचरला चुकवून गेला आणि बरोबरी झाली, मग सीगरच्या साध्या जमिनीलगतच्या फटक्यावर बेट्सने धावत येऊन दुसरी धाव केली. सामना ३-१ ने गेला आणि अजिंक्यपदही.

आता कोणी म्हणेल, हरले म्हणून बोलता. नाही. १६ ऑक्टोबर २००३ ला आमच्यावरच उलटा प्रसंग आला होता. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा निर्णायक सातवा सामना, आठव्या डावात आम्ही ५-२ ने पुढे, माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) पेड्रो मार्टिनेझ. शंभर चेंडू टाकून झाले की पेड्रोचा मारा ढिला पडतो, हे संघाच्या कार्यालयाला पुरतं ठाऊक होतं. एक धाव गेल्यावर मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तसाच ठेवून परत आला. बरोबरी झाली, आणि अकराव्या डावात आरन बूनच्या होम रनने (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) आमचा मोसम संपला. एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही आठजण पाहत होतो. मध्यरात्र उलटून गेली होती आणि टीव्ही बंद करायला कोणी उठेना. लिटलचा करार पुढे वाढवला नाही.

लिटलने डोळ्यांवर आणि माणसावर विश्वास ठेवला, कॅशने कोष्टकावर. दोघांना शिव्या मिळाल्या. यावरून ‘चाहत्यांना काहीच पटत नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर दोन्ही वेळी जाणत्या चाहत्यांचा प्रश्न एकच होता : त्या घडीला हातात जी जी माहिती होती, ती सगळी वापरली का? लिटलने पेड्रोच्या चेंडूंची संख्या बाजूला ठेवली. कॅशने स्नेलची ती रात्र आणि अँडरसनचा तो महिना बाजूला ठेवला. निर्णय निकालावरून तोलायचा नसतो, हे मी नानांशी भांडतच शिकलो. २००४ च्या मार्चमध्ये मुलतानला सचिन १९४ वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला, तेव्हा मी फोनवर द्रविडची बाजू घेत होतो आणि नाना संतापले होते. पुढे भारत डावाने जिंकला, तरी नानांचा राग गेला नाही. त्यांचं म्हणणं, थोडा वेळ थांबून काही बिघडत नव्हतं, आणि ते तेव्हाही दिसत होतं. जिंकल्यावरही चिडणारा हा माणूस मला तेव्हा हट्टी वाटला होता. आज वाटतं, निर्णय कसा तपासायचा हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

हा झाला मैदानावरचा निर्णय. खरं दुखणं मैदानाबाहेरच्या निर्णयाचं आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नव्हता. त्या रात्री डॉजर्सकडून बरोबरी मोडणारी धाव काढणारा आणि आठव्या डावात होम रन मारणारा मुकी बेट्स आठ-नऊ महिन्यांपूर्वी आमचा होता.

बेट्सला आमच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या, उजव्या कोपऱ्यात खेळताना पाहायला हवं होतं. ती जागा फार अवघड. उजवीकडचा खांब जेमतेम ३०२ फुटांवर, तिथून बुटकी भिंत वळत वळत एकदम खोल जाते, आणि चेंडू कुठल्या कोनातून उसळेल याचा नेम नाही. बेट्स चेंडूच्या मागे पळायचाच नाही, तो उसळून जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा असायचा. २०१८ साली त्याची सरासरी .३४६ होती, ३२ होम रन, ३० बेस चोरलेले, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी), आणि संघ १०८ सामने जिंकून अजिंक्य. एखादा सामान्य बदली खेळाडू घेतला असता तर संघ किती सामने कमी जिंकला असता, हे मोजणारा ‘वॉर’ नावाचा एक आकडा इथे सर्वमान्य आहे. त्या वर्षी बेट्सचा वॉर दहाच्या वर होता. फलंदाजी, क्षेत्ररक्षण, धावणं, सगळं एका तराजूत घालणारा हा हिशेब मला आवडतो, कारण नुसत्या फटक्यांवर भाळणाऱ्या जुन्या नजरेला बेट्सची अर्धी किंमत दिसलीच नसती.

अशा खेळाडूला रेड सॉक्सने फेब्रुवारी २०२० मध्ये डॉजर्सला देऊन टाकलं. सोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचर दिला आणि त्याच्या उरलेल्या ९६ दशलक्ष डॉलरपैकी निम्मे आपणच सोसले. बदल्यात तीन खेळाडू मिळाले : अॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. व्हर्डुगो चार मोसमांनी यांकीजकडे गेला, डाउन्स बोस्टनकडून मोजके सामने खेळला, वाँग कॅचर म्हणून टिकला. बेट्सने त्याच जुलैमध्ये लॉस एंजेलिसशी १२ वर्षांचा ३६५ दशलक्षांचा करार केला.

संघाची बाजूही सांगतो. बेट्सचं कराराचं एकच वर्ष उरलं होतं आणि बोस्टनने पुढे केलेला दीर्घ करार त्याने नाकारला होता. तो फुकट निघून जाण्यापेक्षा काहीतरी पदरात पडलेलं बरं, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण लीगने ठरवलेल्या रकमेपेक्षा पगारखर्च वाढला की संघाला कर भरावा लागतो, आणि त्या मर्यादेखाली यायचं आहे हे मालकांनी आधीच जाहीर बोलून दाखवलं होतं. म्हणून प्राइसचं ओझं त्याच गाडीत चढवलं गेलं. देशातल्या सर्वांत महाग तिकिटांच्या मैदानांत फेनवेची गणना होते. हा काही रेजसारखा काटकसरीने चालणारा संघ नाही.

माझा मुद्दा इथे आहे. स्नेलला काढण्यात कॅशची चूक झाली असेल, पण ती सामना जिंकण्यासाठी केलेली चूक होती. बेट्सच्या बाबतीत खेळाडूचं मूल्यमापन चुकलंच नव्हतं. तो किती मोठा आहे हे बोस्टनच्या कार्यालयात आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिथे हिशेब वेगळ्याच गोष्टीचा झाला : एका डॉलरमागे किती सामने, आणि ते मालकाला किती स्वस्त पडतात. वाचलेला डॉलर तिकीट काढणाऱ्याच्या खिशात कधी येत नाही. मग तो वाचवला म्हणून तिकीट काढणाऱ्याने संघाला शाबासकी का द्यावी? आणि हे सगळं ‘आकडेशास्त्र’ या एकाच नावाखाली खपवलं जातं, याची मला खरी चीड आहे. खेळाडू जोखण्याचं शास्त्र वेगळं, मालकाचं अंदाजपत्रक वेगळं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्याकडे बेट्सचा ५० नंबरचा लाल टी-शर्ट होता. ट्रेडची, म्हणजे या अदलाबदलीची, बातमी आल्यावर तिने विचारलं, ‘बाबा, तो चांगला खेळत नव्हता का?’ करमर्यादा तिला काय समजावणार? मी म्हणालो, खेळत होता गं. तिने तो टी-शर्ट फेकला नाही, पण मैदानात जाताना परत कधी घातलाही नाही. जून २०२५ मध्ये आमच्याच राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलं, तेव्हा तिने मला काहीच विचारलं नाही. त्या प्रकरणात मैदानावर कुठल्या जागी खेळायचं यावरून वाद होता, डेव्हर्सचंही थोडं चुकलं असं माझं मत आहे, आणि संघ त्यानंतरही प्लेऑफला पोचला. पण तिचं ते न विचारणं मला जास्त लागलं.

१ नोव्हेंबर २०२५ ला टोरोंटोमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला, तेव्हा मी पुन्हा वही उघडली होती. नवव्या डावात डॉजर्सच्या मॅनेजरने, डेव्ह रॉबर्ट्सने, माउंडवर जाऊन पिचर बदलला. काढला तो ब्लेक स्नेल, आता डॉजर्सचा. आणला तो योशिनोबू यामामोटो, ज्याने आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकले होते. कुठल्याही कोष्टकात हे बसत नाही. पण या वेळी स्नेलने दोन बेस भरून दिले होते, मोसमाचा पुढचा दिवस नव्हता, आणि त्या महिन्यात यामामोटोइतका खात्रीचा हात त्यांच्याकडे दुसरा नव्हता. हे सगळं त्या घडीला दिसत होतं. सामना हरले असते तरी मी या निर्णयाच्या बाजूने उभा राहिलो असतो. अकराव्या डावात शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आला. त्याने दुसऱ्या बेसवर पाय टेकवला, पहिल्या बेसला फेकला, दोघे बाद, सामना संपला. शॉर्टस्टॉप मुकी बेट्स होता.

आपल्याला विनंती एवढीच, की या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा अशा प्रत्येक ट्रेडमध्ये कोणाचे पैसे वाचले, हेही लेखकाला लिहायला सांगा. २७ ऑक्टोबर २०२० च्या माझ्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. सहावा ‘के’ जरा पुसट आलाय, पण वाचता येतो.

आपला,
एक नियमित वाचक
बोस्टन परिसर, अमेरिका