सहा गठ्ठे परत बांधा

संपादक साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. काम का उरकत नाही यावर सगळेच बोलायलेत, पण टेबलाकडं कुणी बघत नाही. मागच्या महिन्यात सेलूकडून एक आजी तिसऱ्यांदा चौकशीला आल्या, अन् त्यांची फाईल माझ्याच टेबलावर खाली दबलेली निघाली, कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग. लई वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी थांबलो आणि जुनी सहा गठ्ठे पद्धत परत लावली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं बाकी), नियतकालिक (ठराविक मुदतीनं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश (कायम लागणारे आदेश), रेकॉर्ड रूमला पाठवायचे आणि नष्ट करायचे, असे सगळे कागद वेगळे केले, प्रत्येक गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, आता कुणी काही विचारलं तर दोन मिनिटात फाईल हातात येते. पद्धत सगळ्यांना शिकवलेली आहे, फक्त इन्स्पेक्शन आलं की तेवढ्यापुरती आठवते.

दुसरं, पावणेदहा ते साडेअकरा मोबाईल ड्रॉवरमधी. जी फाईल नकोशी वाटते तीच आधी घ्यायची.

सरकारी कामातली दिरंगाई रोखायच्या 2005 च्या कायद्यानं फाईल सहसा एका टेबलावर कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि 2020 पासून आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना 5 दिवसांचा आठवडा मिळालाय, मग ते पाच दिवस तरी पुरते लोकांना द्यायला पाहिजेत ना. साहेब लोकांना एकच विनंती, मीटिंगा दुपारनंतर ठेवा, सकाळी बाहेरगावची माणसं एसटीनं येऊन दारात उभी असतात.

आपला वाचक,
एक क्लार्क, परभणी जिल्हा